निओक्लासिकल स्टाईलमध्ये पौराणिक प्रसंग कसा रंगवायचा (आणि रेडा कुठं ठेवायचा)

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या ओळखीच्या एक अक्का आहेत, घरात चार पॉवरलूम, तेलुगू आणि मराठी दोन्ही एकाच वेगानं बोलतात. त्यांनी सांगितलं की बाहेरच्या खोलीत मार्कंडेय महामुनींचं मोठं चित्र पाहिजे, चार फूट रुंद तीन फूट उंच, नारळी पौर्णिमेच्या रथाच्या आधी. मी म्हटलं देतो की. आणि मग मी जे काढलं ते बघून मलाच लाज वाटली, कारण त्यात शंकर होते, त्रिशूळ होता, यम होता, रेडा होता, पोरगं पिंडीला मिठी मारून बसलेलं, मागं आईबाप रडतायत, वर ढगातून देव फुलं टाकतायत आणि कोपऱ्यात जागा उरली म्हणून कैलास पण होता. सगळं होतं पण बघणाऱ्याची नजर कुठंच थांबत नव्हती, नुसती एसटी स्टँडवर फिरल्यासारखी फिरत होती.

ते चित्र उलटं करून भिंतीला लावलं आणि दुसरं काढायला घेतलं, ते निओक्लासिकल पद्धतीनं. ते कसं केलं, कुठं चुकलं आणि तुम्हाला करायचं असेल तर काय करायचं ते सांगतो. मी काय मोठा आर्टिस्ट नाही, आधी बोर्ड आणि बॅनर रंगवायचो, फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं, आता रविवारी पोरांचे ड्रॉइंगचे क्लास घेतो. त्यामुळं सांगतो ते सगळं हातानं करून बघितलेलं आहे एवढं नक्की.

आधी ही स्टाईल म्हणजे काय ते थोडक्यात. युरोपात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जी पौराणिक चित्रं चालायची ती सगळी गुलाबी ढग, गुबगुबीत बाळं, लाडात आलेल्या देवी अशी, म्हणजे आपल्याकडच्या लग्नपत्रिकेवर असतं ना तसं काहीतरी. मग १७३८ ला हर्क्युलेनियम आणि १७४८ ला पॉम्पेई इथं खोदकाम सुरू झालं, ज्वालामुखीखाली गाडलेली अख्खी रोमन गावं भिंतीवरच्या चित्रांसकट वर यायला लागली. तेवढ्यात विंकेलमान नावाच्या जर्मन अभ्यासकानं १७५५ मध्ये लिहिलं की ग्रीक कलेचं मोठेपण साधेपणात आणि शांत भव्यतेत आहे. झालं, चित्रकारांची एक अख्खी पिढी ढग पुसून मूर्तीसारखी माणसं काढायला लागली. साधारण १७६० ते १८३० हा त्यांचा जोर. त्यात सगळ्यात मोठं नाव फ्रान्सचा जॅक लुई डेव्हिड, आणि त्याचा शिष्य अँग्र. ही दोन नावं लक्षात ठेवा, बाकीचे येतील जातील.

लोक माझं चित्र बघून म्हणतात रवि वर्मासारखं वाटतंय. वाटणारच, कारण रवि वर्माही युरोपच्या अकादमीच्या पद्धतीनंच पुराणातले प्रसंग काढत होते, फक्त ते जन्मले १८४८ ला, म्हणजे ही लाट ओसरल्यावर. त्यांच्या चित्रात मखमल, दागिने, बाग, सगळ्याला लाड आहे. डेव्हिडकडं लाड नाही. तिथं भिंत पण गप्प उभी असते.

आता काम. सगळ्यात पहिलं म्हणजे प्रसंग निवडायचा, आणि गोष्ट निवडली म्हणजे प्रसंग निवडला असं समजू नका, इथंच माझं पहिलं चित्र मेलं होतं. गोष्ट सगळ्यांना माहितीय, मृकंडू ऋषींना शंकरानं विचारलं शहाणा पण सोळा वर्षं जगणारा मुलगा पाहिजे का मठ्ठ पण दीर्घायुषी, त्यांनी शहाणा मागितला, सोळावं वर्ष भरलं, यम आला, पोरानं पिंडीला मिठी मारली, यमानं पाश टाकला तो पिंडीवरही पडला, शंकर पिंडीतून बाहेर आले आणि यमाला लाथ घातली. कॅलेंडरवाले शेवटचा सेकंद काढतात, लाथ. सगळ्यात जास्त हाणामारीचा. निओक्लासिकलवाला तो कधीच काढणार नाही.

डेव्हिडचं होरेशियस बंधूंच्या शपथेचं चित्र बघा मोबाईलवर, झूम करून बघा. १७८४ मध्ये रोममध्ये रंगवलं, आता पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहे, सुमारे ११ फूट उंच आणि १४ फूट रुंद, म्हणजे पार्क चौकात वाढदिवसाचा जो फ्लेक्स लागतो तेवढं. रोम आणि आल्बा या दोन गावांचं भांडण, दोन्हीकडून तीन तीन भाऊ लढणार, आणि घोळ असा की दोन्ही घरांची सोयरीक झालेली, एकीचं माहेर तिकडचं, दुसरीचा ठरलेला नवरा तिकडचा. पुढं लढाई होते, पाच जण मरतात, जिंकून आलेला भाऊ रडणाऱ्या बहिणीलाच मारतो. केवढा मसाला! डेव्हिडनं आधी या पुढच्या भागाची स्केचेस पण केली होती. पण शेवटी काढलं काय, तर बाप तीन तलवारी वर धरून उभा आणि तीन पोरं हात पुढं करून शपथ घेतायत. आणि जुन्या इतिहासकारानं सांगितलेल्या गोष्टीत ही शपथ नाहीचे, त्यानं ती स्वतः घातली. कारण त्याला असा क्षण पाहिजे होता की ज्यात अजून काहीच झालेलं नाही पण आता परत फिरता येणार नाही.

म्हणून करायचं असं. गोष्टीतला सगळ्यात मोठा घाव कुठला ते ठरवा आणि मग त्याच्या एक श्वास आधी नाहीतर बराच वेळ नंतर जाऊन उभे रहा. नंतरचं उदाहरण पाहिजे असेल तर डेव्हिडचंच १७८३ चं, ट्रॉयच्या लढाईत मेलेल्या हेक्टरच्या शवाजवळ बसलेली अँड्रोमकी, लढाई संपलेली, नवरा पलंगावर आडवा, लहान पोरगा आईच्या कुशीत, बस्स. आणि ऐन हाणामारीच काढायची असेल तर ती थांबवून काढा. त्याच्या १७९९ च्या सॅबिन बायकांच्या चित्रात रोमचा राजा रोम्युलस भाला उगारून उभा आहे, समोर सासरा ढाल घेऊन, आणि मधे हर्सिलिया दोन्हीकडं हात पसरून, एकीकडं नवरा एकीकडं बाप. भाला हवेतच राहिलाय. या चित्रानं माझं काम झालं. मी ठरवलं पाश हवेत ठेवायचा, उघडलेला, पोराच्या डोक्यावर हातभर अंतरावर.

ठरलेला क्षण एका वाक्यात लिहून काढा आणि ईझलला चिकटवा. वाक्यात "आणि" दोनदा आला तर वाक्य परत लिहा. माझं होतं: पाश सुटलाय, पोरानं डोळे मिटलेत.

पुढचं काम कापायचं. प्रत्येक फिगरला विचारायचं की बाबा तू नसलास तर वाक्य अडतंय का. ढगातले देव गेले. कैलास गेला. रेडा गेला. शंकर पण गेले, आणि इथं अक्का घरी येऊन स्केच बघून जे बोलल्या ते असं.

"शिव कुठाय?"

"यायचेत अक्का."

"कधी?"

"पाश पडल्यावर."

त्या जरा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आणि रेडा?" रेड्याचं शेवटी सांगतो.

शंकराच्या जागी मी फक्त पिंडीच्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ ठेवली, चीर गेल्यासारखी. गोष्ट माहीत असलेल्याला तेवढी पुरते, आणि गोष्ट माहीत नसलेला माणूस अक्कांच्या घरात येणारच नाही. युरोपातले पण असंच करायचे, बघणारा शिकलेला आहे असं धरून एकेका खुणेवर काम भागवायचे. जेरारचं १७९८ चं चित्र आहे, प्रेमाचा देव क्यूपिड आपल्या लाडक्या सायकीच्या कपाळाचं चुंबन घेतोय, तिला तो दिसत नाही म्हणून ती सरळ शून्यात बघतेय, आणि डोक्यावर एक फुलपाखरू. ग्रीकमध्ये सायकी म्हणजे आत्मा पण आणि फुलपाखरू पण. एवढ्याशा फुलपाखरात अर्धी गोष्ट सांगितली. अँग्रच्या १८०८ च्या ईडिपसच्या चित्रात खाली कोपऱ्यात हाडं आणि एका मेलेल्या माणसाचा तळपाय दिसतो, म्हणजे वाटसरूंना कोडं घालणाऱ्या स्फिंक्स राक्षसिणीला चुकीचं उत्तर दिल्यावर काय होतं ते तिनं तोंड न उघडता कळतं. नियम माझा असा, एका माणसाला एकच खूण. यमाला पाश दिला ना, मग गदा काढून घ्यायची. दोन्ही हातात सामान दिलं की तो यम न राहता हार्डवेअरचं दुकान होतो.

आता मांडणी. निओक्लासिकल चित्रात लांब लांब पसरलेला निसर्ग फार कमी, बहुतेक सगळं नाटकाच्या स्टेजसारखं, हुतात्मा स्मृती मंदिरात पुढच्या रांगेत बसून नाटक बघितल्यासारखं, मागं सपाट पडदा आणि माणसं एका ओळीत आडवी, जुन्या देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या पट्टीसारखी. होरेशियसच्या चित्रात मागं तीन कमानी आहेत, डावीकडच्या कमानीखाली तीन भाऊ, मधल्या कमानीखाली बाप, उजवीकडं बायका. कमानीच्या आत काळोख. पुरुष सगळे सरळ ताठ रेषांत, बायका वाकलेल्या गोल रेषांत, दोन्ही बाजू एकमेकांशी बोलतच नाहीत, हेच तर दुःख आहे त्या घराचं.

मी सरळ तीच मांडणी उचलली, यात लाज नाही, शिकायचं असंच असतं. कमानीऐवजी हेमाडपंती खांबांमधल्या तीन मोकळ्या जागा. डावीकडं यम ताठ उभा हात लांब केलेला, मधे पिंड आणि गुडघ्यावर बसून मिठी मारलेलं पोरगं, उजवीकडं आईबाप एकात एक वाकलेले, चेहरे झाकलेले. आईबाप तिथं होते का? डेव्हिडनं शपथ घातली, मी आईबाप घातले.

खाली जमीन शहाबादी फरशीची. याचं कारण फक्त सोलापूरचं प्रेम नाही. फरशीच्या सांध्यांच्या रेषा मागं जाताना एका बिंदूला मिळतात आणि तो बिंदू जिथं ठेवाल तिथं बघणाऱ्याची नजर जाते, त्याला सांगावं पण लागत नाही. होरेशियसमध्ये त्या सगळ्या रेषा बापाच्या तलवारी धरलेल्या मुठीकडं जातात. पट्टी लावून बघा मोबाईलच्या स्क्रीनवर, मी लावलीय. माझ्या चित्रात त्या पाशाच्या मधल्या पोकळीत जातात. चित्रातली ही खोली (डेप्थ) दाखवताना दोरा वापरा, बिंदूवर टाचणी मारायची, दोरा बांधायचा आणि फरशीच्या प्रत्येक सांध्याला दोरा ताणून रेघ मारायची, पट्टीपेक्षा सोपं आणि चुकत नाही, बोर्ड पेंटरची जुनी युक्ती आहे.

हे सगळं आधी छोट्या कागदावर. माझं फायनल चार फूट बाय तीन फूट म्हणून स्केच बारा इंच बाय नऊ इंचाचं, त्यावर एक एक इंचाचे चौकोन, कॅनव्हासवर चार चार इंचाचे, दोन्हीकडं १०८ चौकोन. १०८ आकडा आला म्हणून अक्का खूश झाल्या, मी काय बोललो नाही. चौकोन पाडून मोठं करणं ही पण त्यांच्याच काळची आणि त्याच्याही आधीची पद्धत आहे, प्रोजेक्टर नाही म्हणून रडू नका.

फिगर काढताना एक गोष्ट पाळा, आधी उघडं शरीर काढा मग कपडा चढवा. डेव्हिड हेच करायचा. याचा पुरावा बघायचा असेल तर त्याचं टेनिस कोर्टच्या शपथेचं अपुरं राहिलेलं मोठं कॅनव्हास बघा, व्हर्सायला आहे, त्यात माणसं नागडी रेखाटलेली आणि काहींचे फक्त चेहरे रंगवून तयार, कपडे चढवायचे राहूनच गेले, बघताना हसू येतं पण पद्धत कळते. कपड्याच्या आत गुडघा कुठं आहे हे माहीत नसेल तर धोतर काढता येत नाही, उशीचा अभ्रा होतो त्याचा.

आता घरात उघडं मॉडेल कुठून आणणार. आपल्याकडं एक सोय अशी की आपली पुराणातली माणसं तशीही वरून उघडीच असतात, धोतर नेसलं की झालं, ग्रीकांसारखा नागडेपणाचा वाद होत नाही. मी भाच्याला हाफ पँटवर मोकळ्या डब्याला मिठी मारून बसवलं आणि खिडकीच्या उजेडात फोटो काढले, तीन बाजूंनी. यमासाठी स्वतःच आरशासमोर उभा राहिलो. फोटोवरून काढताना उंची डोक्याच्या मापानं मोजा, साधा माणूस साडेसात डोक्यांचा असतो, देव किंवा यम असेल तर आठ करा, लगेच भारदस्त वाटतो. चेहऱ्यावर भाव कमी. दात दाखवायचे नाहीत, डोळे फाडायचे नाहीत, जे काय सांगायचं ते हाताच्या आणि पाठीच्या रेषेतून.

पोरींना क्लासमध्ये मी एक गोष्ट नेहमी सांगतो. अँजेलिका काउफमान नावाची बाई, लंडनच्या रॉयल अकादमीच्या १७६८ च्या संस्थापक सदस्यांपैकी एक, सोडून दिलेली अरिआड्नी वगैरे पौराणिक चित्रं काढायची, पण बाई म्हणून तिला तिथं उघड्या मॉडेलसमोर बसून काढायची परवानगी नव्हती. जिथं माणूस मिळत नाही तिथं पुतळा. मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलमध्ये पण पोरं पिढ्यान्‌पिढ्या प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरूनच शिकली. तुम्ही कपड्याच्या दुकानातला पुतळा मागून आणा. मी नवी पेठेतून एक हात तुटलेला आणला, फुकट.

बरं, शरीर एकदम अचूकच पाहिजे असं पण नाही. अँग्रचं १८११ चं ज्युपिटर आणि थेटिस बघा. अकिलीजची आई थेटिस मुलासाठी देवांच्या राजापुढं गुडघे टेकून त्याच्या हनुवटीला हात लावतेय, आपल्याकडं पण हनुवटी धरूनच मनवतात ना, तसंच. तिची मान बघा आणि हात बघा, हाडं आहेत का नाहीत असं वाटतं. पॅरिसवाल्यांनी तेव्हा नावं ठेवली. पण ती लवचिक रेघ आणि समोर डोंगरासारखा बसलेला ज्युपिटर, यांच्यातच सगळी विनवणी आहे. आणि डावीकडं ढगाआडून ज्युनो, बायको, गुपचूप बघतेय, तेवढीच एक घरगुती गंमत. तेव्हा रेघ आधी, शरीरशास्त्र नंतर, पण हे अँग्रला परवडतं, आपण आधी साडेसात डोकी मोजावीत.

कपड्यावर आता जरा जास्त बोलणार आहे, कारण सोलापुरात राहून कपडा चुकला तर लोक हसतील. निओक्लासिकल चित्रात निम्मं काम कपडा करतो. रंग कमी, दागिने नाहीत, मागं भिंत, मग माणसाची हालचाल दिसणार कशातून, तर चुण्यांतून.

माझी पहिली चूक म्हणजे पुतळ्यावर चादर टाकली. आपली चादर जगात एक नंबर, पण ती जेकार्डची, जाड विणीची, ती पडत नाही, ती उभी राहते. पुतळा कपाटासारखा दिसायला लागला. टर्किश टॉवेल तर त्याहून बेकार. पाहिजे ते जुनं, शंभर वेळा धुतलेलं सुती धोतर नाहीतर मलमल, ज्याच्यातली खळ पूर्ण गेलीय. ते ओलं करायचं, घट्ट पिळायचं आणि मग नेसवायचं. ग्रीक मूर्तींचे कपडे बघा, अंगाला ओले चिकटल्यासारखे असतात, मांडी आणि पोटरी आतून कळते. मात्र आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्रीला तो कपडा पंधरा मिनिटांत कडक होतो, म्हणून पहाटे करा, आणि नळाला पाणी येणार त्या दिवशी करा, नाहीतर घरात भांडणं.

चुण्या बघायची पद्धत सांगतो. कपडा कुठंतरी अडकलेला असतो, खांद्यावर, कमरेला, गुडघ्यावर, ती जागा आधी शोधा. सगळ्या चुण्या तिथून निघतात, पंख्याच्या काड्यांसारख्या. एकाच जागी अडकलाय तर खाली सरळ नळ्या पडतात, दोन जागी अडकलाय तर मधे झोळ पडतो, आणि सैल कपडा जमिनीला टेकला की वेड्यावाकड्या घड्या होतात. आणि निऱ्या, निऱ्या तर तुम्हाला माहितीच आहेत. रोज बघतोय म्हणून आपण नीट बघत नाही एवढंच. दहा चुण्या दिसत असतील तर चारच काढा. त्या चार मात्र वरून खालपर्यंत सुटल्या नाही पाहिजेत.

फुकटचा अभ्यास पाहिजे असेल तर जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला वहीपेन्सिल घेऊन जा. नंदीध्वज धरणारे पांढरी बाराबंदी आणि धोतर घालून असतात, सगळं पांढरं, हिवाळ्याचं तिरपं ऊन, सरळ उभ्या काठ्या आणि त्याखाली तोल सावरताना ताणलेले हात. डेव्हिड सोलापुरात आला असता तर घरीच गेला नसता. अक्षता सोहळ्याच्या गर्दीत काढता येणार नाही, आदल्या दिवसांत सराव चालतो तेव्हा जा. माझ्या यमाचा उगारलेला हात हा तिथल्याच एका माणसाचा आहे, त्याला माहीत नाही.

उजेड एकाच बाजूनं, जास्त करून डावीकडून, वरून तिरपा. ट्यूबलाईट बंद करा. एक खिडकी उघडी ठेवा, बाकीच्या चादरीनं झाका (चादर इथं चालते). होरेशियसमध्ये पण उजेड डावीकडूनच येतो आणि सावल्या फरशीवर पडतात. अपवाद पाहिजे तर जिरोडेचं झोपलेल्या एंडिमिअनचं चित्र, १७९१ चं, एंडिमिअनवर चंद्राची देवी भाळलेली, आणि त्यात चंद्राचा उजेड हीच देवी आहे, बाई काढलेलीच नाही, फक्त एक पंखवाला पोरगा झाडाच्या फांद्या बाजूला करतोय आणि उजेड झोपलेल्याच्या छातीवर पडतोय. मला पिंडीतल्या उजेडाची कल्पना तिथूनच सुचली.

रंगाचं फार लांबवत नाही. ऑइल असेल तर उत्तम, नाहीतर ॲक्रिलिक चालेल पण ते लवकर सुकतं म्हणून शरीराच्या सावल्या मऊ करायला त्रास होतो. ट्यूबा सहा-सातच घ्या: पांढरा, काळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, एक लाल, अल्ट्रामरीन. आधी अख्खं चित्र अंबर आणि पांढऱ्यात, म्हणजे ब्लॅक अँड व्हाईट पिक्चरसारखं पूर्ण करा. मोबाईलवर फोटो काढून लांबून बघा, त्या अवस्थेत प्रसंग कळत नसेल तर रंग लावून पण कळणार नाही, परत दुरुस्त करा. मग वरून पातळ रंग. खालचे थर टर्पेंटाईनमध्ये पातळ, वरच्या थरांत लिनसीड तेल जास्त, उलटं केलं तर वरचा थर आधी आक्रसतो आणि तडे जातात. ब्रशचे फटकारे दिसू द्यायचे नाहीत, कोरड्या मऊ ब्रशनं हलकं हलकं पुसत न्यायचं. भडक लाल एकाच जागी. होरेशियसच्या बापाचा झगा लाल आहे आणि म्हणून नजर तिथंच जाऊन बसते. मी लाल मार्कंडेयाच्या धोतराला दिला, यमाला काळपट तपकिरी, आईबाप करड्यात.

एक इशारा, पॉवरलूमच्या घरात किंवा शेजारी ओलं ऑइल पेंटिंग ठेवू नका. हवेत सुताचा तूस उडत असतो, तो रंगावर बसतो आणि सकाळी यमाला दाढी आलेली असते. माझ्याबरोबर झालंय. सुकल्यावर ब्लेडनं एक एक तंतू काढत बसलो होतो, दोन दिवस गेले.

आता रेडा. अक्का काय ऐकेनात. त्यांचं म्हणणं, यम चालत आला काय? मी डेव्हिड सांगितला, विंकेलमान सांगितला, शांत भव्यता सांगितली. त्या म्हणाल्या, ते सगळं ठीक आहे, रेडा कुठाय. मग रात्री विचार केला की उजेड डावीकडून येतोय, यम डावीकडं उभा आहे, म्हणजे त्याच्या मागं चित्राच्या बाहेर रेडा उभा असणारच की. तर डाव्या खालच्या कोपऱ्यातून शहाबादी फरशीवर एक सावली आत आणली, दोन वाकडी शिंगं, लांब झालेली, यमाच्या पायाजवळून पोराच्या गुडघ्याच्या वीतभर अलीकडं येऊन थांबलेली. सावलीचा रंग काळा नाही घेतला, अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन. फिगर एक पण वाढली नाही आणि चित्र आधीपेक्षा जास्त भीतीदायक झालं. घरातली लहान नात आधी शिंगांवर बोट ठेवते, मग पाशाकडं बघते.

चित्र रथाच्या दोन दिवस आधी पोचवलं, खोलीच्या उजव्या भिंतीला नाही तर दरवाजाच्या समोरच्या भिंतीला लावायला सांगितलं, कारण डावीकडं खिडकी आहे आणि खरा उजेड व चित्रातला उजेड एकाच बाजूनं आला पाहिजे. तुम्ही पण लावायची जागा आधी बघून मगच चित्रातल्या उजेडाची बाजू ठरवा. व्हार्निशची घाई करू नका, ऑइल वरून सुकलं तरी आतून सुकायला पाच-सहा महिने घेतं. अक्का दर आठवड्याला फोन करून विचारतात चमक कधी येणार, मी सांगितलंय गड्डा झाल्यावर येतो, तोवर ओल्या फडक्यानं पुसू नका.